आधी गोठा रिकामा

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पावसाळ्यात जिल्हा नियंत्रण कक्षाकडून तिथल्या पातळीचे आकडे दिवसरात्र यायचे. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या एका गावात मी तलाठी होतो. गावात कुणी फुटांत बोलत नाही. पाणी मळीत शिरलं, ओढ्यावरच्या पुलाला लागलं, मारुतीच्या पायरीला टेकलं, अशी इथली मोजणी. म्हणून पोलीस पाटील आणि मी जुन्या माणसांना विचारून बंधाऱ्यावरच्या फुटांसमोर गावातल्या खुणा लिहून काढल्या. शिरोळचं पाणी फसवं असतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं वाट राहत नाही. पाऊस थांबला, कोल्हापुरात पाणी उतरू लागलं, तरी आमच्याकडे ते चढतच असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर ५५ फुटांवर पाणी गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. एनडीआरएफ, लष्कर, नौदल सगळे आले आणि जिवावर उदार होऊन राबले. ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. ती बातमी ऐकल्यावर बोटीत माणूस चढवताना माझे हात कापायचे. बोटीची वेळ येऊच नये, माणूस त्याआधी ट्रॅक्टरमधून, कोरड्या रस्त्यानं बाहेर पडावा, हे तेव्हा मनात पक्कं बसलं.

पण माणसं निघत का नव्हती? एका आज्जींनी मला दारातच सांगितलं, "भाऊसाहेब, म्हस गाभण हाय. तिला सोडून कुटं येऊ?" त्यांना हट्टी म्हणणं अन्याय होता. त्या घराचा आठवड्याचा बाजार त्या म्हशीच्या दुधावर चालायचा.

आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा. जिल्हाधिकारी प्राधिकरणाचे अध्यक्ष, तालुक्यात तहसीलदार. आदेश या वाटेनं खाली येतात. म्हैस हलवायची तर मात्र ट्रॅक्टर-ट्रॉली शेतकऱ्याची, जनावरांचे डॉक्टर वेगळ्या खात्याचे, वैरणीला साखर कारखान्याची मदत, दुधाची गाडी दूध संघाची. यांतला एकही माझ्या हाताखाली नव्हता. पुढच्या उन्हाळ्यांत सरपंच, ग्रामसेवक आणि मी एकेकाकडे जाऊन बसलो. दूध संघाच्या माणसानं जनावरं हलवायच्या छावणीवरून संकलन करायचं कबूल केलं, तिथंच निम्मं काम झालं असं मी मानतो. उत्पन्न बुडणार नाही, हे कळल्यावर लोक ऐकून घेऊ लागले.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, २०१९ पेक्षा जास्त. या वेळी कोतवालानं दवंडी दिली ती जनावरांसाठी: पाणी पुलाला लागायच्या आत दावणी सोडा. आधी गाभण आणि व्यालेल्या म्हशी, मग बैल, शेळ्या. गोठा रिकामा झाला की घरची माणसं मागोमाग निघत. म्हातारी माणसंसुद्धा, कारण धार काढायला कुणीतरी हवंच होतं.

बदली झाली तेव्हा नव्या तलाठ्यांना दप्तरासोबत गोठ्यांची वही दिली. घरनिहाय जनावरं, ट्रॉली कुणाची, चालवणारा कोण, त्याचा फोन. दर मे महिन्यात ती नव्यानं लिहा, असं बजावलं. बाजारात जनावरं विकली जातात, नवी येतात, आणि ट्रॅक्टर चालवणारी पोरं कामाला इचलकरंजीला निघून जातात.