राखलेला शुभ्रपणा

हातकणंगले तालुक्यातील कुंभोजजवळ बाहुबलीचे क्षेत्र आहे. तेथील २८ फूट उंचीची पांढऱ्या संगमरवराची बाहुबलीमूर्ती १९६३ मध्ये प्रतिष्ठित झाली. श्रावणात मागचा डोंगर हिरवा होतो, तेव्हा जलरंगांची पेटी घेऊन बसणाऱ्या चित्रकाराची येथे खरी परीक्षा असते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत; कागदाचाच शुभ्रपणा राखावा लागतो. म्हणून मूर्ती रंगवायची नसते. भोवतीचे आकाश आणि हिरवाई रंगवून तिची जागा कोरी सोडायची असते. ओला निळा रंग एकदा आत ओघळला, की तो शुभ्रपणा पूर्ववत होत नाही. दमट हवेत कागद लवकर वाळत नाही आणि घाई केली तर रंग गढूळ होतात. मात्र त्याच ओलाव्यात ढगांच्या कडा आपोआप मृदू विरघळतात; तो आनंद निराळाच.

अहिंसा पाळणाऱ्या घराला आणखी एक विवेक करावा लागतो. नावाजलेले कुंचले बहुधा प्राण्यांच्या केसांचे असतात, काही उंची कागदांना जिलेटिन लावलेले असते, तर काही रंगांत मध असतो. कृत्रिम तंतूंचा कुंचला तुलनेने कमी पाणी धरतो. त्यामुळे मोठे आकाश रंगवताना तो वारंवार रंगात बुडवावा लागतो. तेवढे कष्ट जाणून पत्करावेत.

कायोत्सर्गात उभ्या त्या मूर्तीपाशी सारे रंग थांबतात. मुलांना त्यागाचा अर्थ समजावताना असे एक चित्र पुरेसे ठरावे.