पाय नेमके कधी बधिर होतात?



गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंनी पायी मंदिरात जाणं सोडलं. घरापासून मंदिर जेमतेम पंधरा मिनिटांवर. पण निम्म्या वाटेतच त्यांचे पाय बधिर व्हायचे. "पायात पायच नाहीत असं वाटतं गं," म्हणायच्या. मी म्हणायचे, "आई, वय झालं आता. आणि बी-१२ कमी असणार." आपल्या घरांत कुठं काही मुंग्या आल्या की बी-१२ हे ठरलेलंच!

तपासलं, तर खरंच कमी निघालं. शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं, आणि आईंचं दूध कधीच सुटलं होतं. गोळ्या सुरू केल्या. (कॅप्सूलचं आवरण बहुतेक जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. म्हणून दुकानदाराकडे साधी गोळी मागा.) हातांच्या मुंग्या कमी झाल्या. चालतानाचं बधिरपण मात्र तसंच. खरं सांगू? मला वाटायला लागलं, आई कंटाळा करतात. कारण यांनी हौसेनं आणलेली व्यायामाची सायकल, जिच्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो, ती आई वीस-वीस मिनिटं चालवायच्या. तेव्हा पाय बरे कसे?

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "आजी, कधी सुरू होतं? कशानं थांबतं?" आई म्हणाल्या, "नुसतं उभं राहून नाही थांबत. बसले की थांबतं. नाहीतर भाजीच्या गाडीवर वाकून उभी राहिले, तरी बरं वाटतं."

मी चाट. मला वाटायचं, त्या घासाघीस करायला थांबतात!

डॉक्टरांनी पावलावरची नाडी दाबून बघितली, मग कमरेचा एमआरआय करायला सांगितला. कमरेच्या मणक्यातली शिरांची वाट अरुंद झाली होती. ताठ उभं राहिलं, चाललं की ती आणखी आवळते. पुढं वाकलं की थोडी मोकळी होते. सायकलवर माणूस वाकलेलाच असतो, म्हणून तिथं त्रास नाही. म्हणजे ज्यावरून मी त्यांना खोटं ठरवत होते, तीच आजाराची खूण होती. नाडी का बघितली, तर पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर चालताना पोटऱ्या भरून येतात, पण तेव्हा नुसतं थांबलं तरी बरं वाटतं. मधुमेहाचं बधिरपण बहुधा दोन्ही पावलांत बोटांपासून चढतं, आणि ते चालण्यावर अवलंबून नसतं, रात्री अंथरुणातही छळतं. बी-१२चंही बसल्याजागी असतंच.

जाता जाता मी माझंही विचारून घेतलं. सकाळी फिरताना माझी उजवी बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी बूट बघितले आणि हसले. चालून पाऊल थोडं सुजतं, आणि मी नाडी करकचून बांधत होते. अर्धा नंबर मोठा बूट घेतला, संपलं. सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं मांडी घातल्यावर पाय झोपतो, तेही शीर दबूनच. उठून दोन मिनिटांत जागा झाला तर काळजी नाही. मी आता मध्येच मांडी बदलते.

पण एक लक्षात ठेवा. अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा पायांबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवी अडली, तर तेल चोळत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

आईंना ऑपरेशन लागलं नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, कुरकुर करत का होईना. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला मी त्यांच्या पाया पडले आणि कंटाळ्याचं मनात आलेलं सगळं सांगून टाकलं. म्हणाल्या, "मलाही वाटायचं, मीच नाटक करते की काय!" आता वाटेत शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी दोन मिनिटं बसतो. रिक्षाला मात्र त्या अजून तयार नाहीत.