सही जुळत नाही

काउंटरवर बावीस वर्षं काढली की माणसाला वाटू लागतं, आपण कोणाचीही समजूत घालू शकतो. पावसात भिजवलेलं पासबुक घेऊन येणाऱ्या आजोबांची मी घातली आहे, हेड ऑफिसच्या इन्स्पेक्टरचीही घातली आहे. हा माझा भ्रम आमच्या चार महिन्यांच्या कन्येनं एका दुपारी उतरवला.

त्याचं असं झालं. सौ. पुण्याला एका कचेरीत नोकरीला. बाळंतपणाची रजा 2017 पासून 26 आठवड्यांची झाली हे खरं, पण त्यातले 8 तिनं प्रसूतीआधीच खर्ची टाकलेले. (मला विचारलं असतं तर थोडे शिल्लक ठेव म्हटलं असतं, पण घरात मला हिशेब विचारतं कोण?) रजा संपायला दहा दिवस राहिले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. आई सकाळी कामशेतहून लोकलनं गेली की संध्याकाळपर्यंत पोर पिणार काय?

डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आईचंच दूध. वरचं पाणीसुद्धा नको. काढून ठेवा. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस." हे मला चटकन समजलं. एक चालू खातं, दुसरी मुदत ठेव.

बाटली मी आणली. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या आठवड्यात मी घरात बसून जी जाहिरात केली, ती सरकारला कळली असती तर माझी नोकरी गेली असती. गाणी म्हटली, कमरेवर हात ठेवून नाचलो, रिकामी बाटली स्वतःच्या तोंडाला लावून "अहाहा" केलं. पोरीनं निपल तोंडात घेतलं, एकदा चावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी खातेदाराला चेक परत करताना पाहतो तसं. सही जुळत नाही! मग जे भोकाड पसरलं, ते शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवून ऐकलं.

निपल बदललं. बाटली कोमट पाण्यात उभी करून पाहिली. सौ.ची साडी मी अंगाभोवती गुंडाळून घेतली. त्या अवस्थेत पोस्टमन येऊन गेला. शेवटी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आई घरात आहे ना, तिचा वास येतो पोरीला. तिला बाहेर पाठवा."

बेडशात बाईमाणसानं दोन तास जायचं कुठं? लेण्यांवर. दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य, खांबांवर हत्ती-घोडे आणि स्वार. लोक लांबून बघायला येतात. सौ. रविवारी सकाळी पायऱ्या चढून गेली. आत मात्र गेलीच नाही, असं तिनं नंतर सांगितलं. वरच्या पायरीवर बसून आमच्या कौलांकडे बघत होती.

खाली आमची दोन आवर्तनं फसली होती. पोर रडून लाल, मी घामानं पांढरा. आतापर्यंत गप्प बसलेली आई उठली आणि फडताळातून एक चांदीचं बोंडलं काढून तिनं उकळत्या पाण्यात टाकलं. "तू यातूनच प्यायलास," म्हणाली. आमचे साहेब मला अधूनमधून विचारतात, अजून बोंडल्यानं दूध पिता का. त्यांना ही माहिती कोणी दिली कोण जाणे.

आईनं नातीला मांडीवर जवळजवळ बसतं धरलं. बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवली आणि ओतलं काहीच नाही, नुसती थांबली. मी घड्याळाकडे बघत होतो. बऱ्याच वेळानं एक इवलीशी जीभ बाहेर आली. चाटलं. विचार केला. पुन्हा चाटलं. 30 मिलि संपायला पंचवीस मिनिटं लागली. मी वहीत नोंद केली.

सौ. धापा टाकत आली. रडणं ऐकू येईना म्हणून ती घाबरली होती.

"प्यायली?"

"प्यायली! पूर्ण 30 मिलि!" मी ओरडलो.

"हो का," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून मोरीत गेली. मला वाटलं, आनंदानं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वही मिटली.

"सूनबाई," तिनं हाक मारली, "एवढंसं तर प्यायली. तुझीच वाट बघतेय. घे तिला."

पुढच्या सोमवारी सौ. कामावर गेली. लोकल कान्हे स्टेशनात शिरायच्या आत तिचा फोन.

"प्यायली का हो?"

"अगं, आत्ताच तर तू पाजून गेलीस!"