काच दाखवणारा आरसा

कराड

चि. ऋता,


जुन्या बाजारात घेतलेल्या फोटोची प्रत मिळाली. धाकट्यानं ती लॅपटॉपवर मोठी करून दिली आणि दोन संध्याकाळी मी तिच्यासमोरून उठलो नाही. तुझी मामी शेवटी चहा तिथंच घेऊन आली. तू तीन गोष्टी विचारल्यास: गाडी कोणती, मागे पेन्सिलनं ‘आमची स्टॅनली’ असं लिहिलंय ते खरं का, आणि त्या काळात मागचं बघायला आरसा असायचा का. मी शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण सगळी किल्ली त्या आरशात आहे.

मागून येणारी गाडी बघायला तो बसवलेला नाही. रस्त्यावर गाड्याच जेमतेम होत्या, मागून कोण येणार? त्याचा कोन नीट बघ. तो रस्त्याकडे वळलेला नाही, बैठकीच्या बाजूला, खाली वळलेला आहे. तिथं बैठकीखालच्या पेटीच्या बाहेरच्या अंगाला एक उभी, बारीक रेघ दिसते. तू तिला ओरखडा समजलीस. ती काचेची नळी आहे, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी गेज ग्लास. चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून ती दिसत नसे, म्हणून पुढे आरसा लावलेला.

साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी चौतीस हंगाम काढले, तुला ठाऊकच आहे. पहिल्या रात्रपाळीला माझ्या उस्तादांनी मला प्रेशरच्या काट्याकडे बघताना पाहिलं आणि हनुवटीनं काच दाखवली. काटा पडला तर गिरणीवाले ओरडतात, एवढंच. काचेतलं पाणी खाली गेलं तर नळ्या उघड्या पडून जळतात. त्या रात्रीपासून चिपाडाच्या धुरळ्यातसुद्धा माझी नजर दर दोन मिनिटांनी काचेकडे जायची. तुझ्या फोटोतला तो टोपीवाला माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. तो आरशात बघतोय. मला तो लगेच ओळखीचा वाटला.

म्हणजे गाडी वाफेची. बाकीच्या खुणाही जुळतात. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारावं लागे, इथं हँडल कुठेच नाही. चाकं सायकलसारखी तारांची, सांगाडा पोलादी नळ्यांचा, सुकाणूच्या जागी नुसती दांडी. बैठकीखालच्या पेटीत जेमतेम चौदा इंच व्यासाचा बॉयलर, त्यात तांब्याच्या सुमारे तीनशे बारीक नळ्या, आणि तो फुटू नये म्हणून बाहेरून पियानोची तार घट्ट गुंडाळलेली. खाली पेट्रोलचा बर्नर. मोठ्या कारखान्यातलं यंत्र कुणीतरी मांडीवर मावेल एवढं केलं, याचं मला अजून नवल वाटतं. पाणी मात्र वीस-पंचवीस मैलांत संपायचं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनी इंग्लंडात असलीच गाडी घेतली होती.

आता नावाचं. ही रचना स्टॅनली बंधूंची, यात शंका नाही. फ्रान्सिस आणि फ्रीलन हे मेन राज्यातल्या किंगफील्डचे जुळे भाऊ, जन्म १८४९. त्यांचा मूळ धंदा फोटोच्या कोरड्या काचांचा होता आणि तो पुढे त्यांनी ईस्टमन कोडॅकला विकला. तुझा फोटो त्यांच्याच काचेवर घेतलेला निघाला तर मला फार आनंद होईल. १८९७ मध्ये त्यांनी हौसेनं पहिली वाफेची गाडी केली. पुढच्या वर्षी बोस्टनजवळ केंब्रिजला एका प्रदर्शनात ती इतकी सरस ठरली की मागण्यांची रीघ लागली.

१८९९ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाचे मालक जॉन ब्रिस्बेन वॉकर त्यांच्याकडे आले आणि अडीच लाख डॉलरला सगळा धंदा घेऊन गेले. पैसे उभे करायला त्यांनी डांबराच्या धंद्यातले अॅम्झी बार्बर यांना भागीदार केलं. भागीदारी थोड्याच दिवसांत मोडली. वाटणी अशी झाली की गाडी एकच राहिली आणि घरं दोन झाली. बार्बरनी मॅसॅच्युसेट्समधला कारखाना ठेवला आणि गाडीला नाव दिलं लोकोमोबिल. वॉकरनी हडसनकाठी टॅरीटाउनला नवा कारखाना बांधला आणि तीच गाडी ‘मोबिल’ म्हणून विकली. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला फ्रीलन स्टॅनली बायकोला शेजारी बसवून माउंट वॉशिंग्टनच्या शिखरावर गेले. तिथवर पोचलेली ती पहिली मोटार. तिला कुणी स्टॅनली म्हणतं, कुणी लोकोमोबिल, आणि दोघांचंही बरोबर आहे.

पुढे स्टॅनली बंधू पुन्हा धंद्यात उतरले, पण त्यांची नवी गाडी वेगळी होती. सांगाडा लाकडी, आणि इंजिन आडवं, थेट मागच्या आसाला जोडलेलं, मधे साखळी नाही. तुझ्या फोटोत बैठकीखाली, दोन चाकांच्या मधे, साखळीचा खालचा पदर स्पष्ट दिसतो. म्हणून जिच्यावर ‘स्टॅनली’ अशी पाटी असेल अशी नंतरची गाडी ही नाही. पेन्सिलनं लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. चाळीस-पन्नास वर्षांनी नातवंडांना वाफेची म्हटलं की स्टॅनली हेच एक नाव आठवत असणार. असं सगळीकडेच होतं. १९०३ ची पहिली फोर्ड आणि पहिली कॅडिलॅक शेजारी ठेवल्या तर जाणकारही थबकतात, कारण हेन्री फोर्ड सोडून गेले त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. तिथं बैठकीखाली वाकून एक सिलिंडर आहे की दोन ते मोजावं लागतं. एक असेल तर कॅडिलॅक.

शिवाय नकला निघाल्या. ग्राउट, टोलेडो, मिलवॉकी, प्रेस्कॉट अशा कितीतरी घरांनी त्याच धाटणीच्या वाफेच्या गाड्या काढल्या. इंजिनं, बर्नर, चाकं विकणारे वेगळेच होते, त्यामुळे एखाद्या भागावरचं नाव वाचून गाडीचं नाव ठरवणं फार धोक्याचं. मला तुझ्या गाडीची पेटी, स्प्रिंगा आणि नळ्यांची वळणं मूळ घराण्याची वाटतात. माझं मत लोकोमोबिल किंवा मोबिल. दोन्हींतली कोणती, ते या प्रतीवरून सांगणं खोटेपणाचं होईल.

एक मात्र नक्की सांगतो. पेटीच्या मागे टांगलेली ती तीन अक्षरं मालकाची आद्याक्षरं आहेत. १९०१ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला की प्रत्येक मोटारीच्या मागे मालकाची आद्याक्षरं निदान तीन इंच उंचीची असावीत. सरकार पाटी देत नसे, ज्यानं त्यानं आपली करून घ्यायची, कुणी चामड्याची, कुणी पत्र्याची. १९०३ मध्ये अक्षरं जाऊन आकडे आले. म्हणजे फोटो न्यूयॉर्क राज्यातला आणि बहुतेक या दोन-अडीच वर्षांतला. माग काढताना त्या अक्षरांचा उपयोग होईल.

तू पुकिप्सीहून न्यूयॉर्कला जातेस त्या आगगाडीच्या वाटेवर टॅरीटाउनच्या आधी फिलिप्स मॅनॉर लागतं. नदीच्या अंगाला बस. वॉकरचा कारखाना तिथंच होता. मोबिल १९०३ मध्ये थांबली, मग ती जागा मॅक्सवेलकडे गेली, पुढे शेव्हरोले, आणि १९९६ पर्यंत तिथं जनरल मोटर्सच्या गाड्या तयार होत होत्या. वाफेच्या गाडीपासून धरलं तर जवळजवळ शंभर वर्षं एकाच काठावर मोटारी. आता इमारती पाडल्यात, पण माझ्यासाठी त्या काठाचा एक फोटो काढ.

आणि मूळ फोटो उजेडात धरून चाकाच्या मधल्या बुशीवर भिंग लाव. तिथं काही कोरलेलं असेल तर जसं दिसेल तसं कागदावर काढून पाठव. अर्धवट असलं तरी चालेल, अंदाजानं पुरं करू नकोस. पुठ्ठ्यावर खाली फोटोग्राफरचा ठसा असेल, गावाचं नाव असेल, तेही कळव. मागचं पेन्सिलचं पुसू नकोस. त्याच्याखाली वेगळ्या शाईनं तारीख घालून लिही: ‘स्टॅनली रचनेची वाफेची गाडी, न्यूयॉर्क राज्य, १९०१ ते १९०३.’ बुशीचं कळलं की पुढचं लिहू.

मामीनं मेतकूट पाठवलंय. थंडी वाढली असेल, कानाला बांधत जा.

तुझा
मामा