अनामत

नोकरी सोडताना माणूस टेबलाचा खण रिकामा करतो, कपाटाची किल्ली परत देतो, ओळखपत्र जमा करतो आणि हिशेब चुकता झाला असे मानतो. परंतु डोक्यात जे साठलेले असते ते कोणत्याच खिडकीवर जमा करता येत नाही. त्यातले काही आपले असते, काही अनामत असते. ह्या दोहोंतला भेद ओळखण्याची वेळ बहुधा पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतच येते.

आमची उमेदीची वर्षे रंगद्रव्यांच्या एका कारखान्यात गेली. रसायनशास्त्र तर पुस्तकात छापलेले आहे, मग त्यात गुपित कसले, असे बाहेरच्यांना वाटते. पण कोणता पदार्थ आधी घालायचा, तपमान कोठे रोखायचे, गाळण्यापूर्वी आम्लता किती ठेवायची आणि मुख्य म्हणजे कोणत्या वाटेने जायचे नाही, हे पुस्तकात नसते. ते वाया गेलेल्या बॅचमधून शिकावे लागते, आणि त्या बॅचची किंमत मालकाने मोजलेली असते.

पुढे कारखाना गुजरातेत हलला व आम्ही घरी बसलो. मुलांच्या फीचे दिवस जवळ आले होते. अशात एका मुलाखतीत साहेबांनी चहा मागवला आणि सहज विचारावे तसे विचारले, ‘‘तुमच्याकडे त्या निळ्या रंगाचा उतारा किती येत असे? कॅटॅलिस्ट कोणता?’’ आम्ही म्हणालो, ‘‘साहेब, ते आकडे त्या कंपनीचे आहेत. पण उतारा घसरला तर कारण कसे शोधावे, ते सविस्तर सांगता येईल. आपल्याकडची एखादी अडचण सांगा, आत्ताच तिच्यावर विचार करू.’’ साहेबांनी फाईल मिटली. ती नोकरी आम्हाला मिळाली नाही.

परतीच्या लोकलमध्ये मनाने आम्हाला बरेच छळले. ज्या मालकाने आपल्याला वाऱ्यावर सोडले, त्याची गुपिते आपण का सांभाळावी? विचार करता दिसले की त्या आकड्यांवर एकट्या मालकाचेच नव्हे, गुजरातेत गेलेल्या आमच्या सोबत्यांचेही पोट चालते. शिवाय दिलेला शब्द घेणाऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून ठेवला, तर तो शब्द कसला?

ह्याचा अर्थ माणसाने तोंड शिवून बसावे असा नव्हे. कसब त्याचे स्वतःचेच असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार, कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कोणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. इंग्लंडमध्ये फॅसेंडा चिकन ह्या कंपनीचा दावा अपील न्यायालयापुढे आला. तिच्या विक्री-व्यवस्थापकाने नोकरी सोडून शीतगाड्यांतून कोंबड्या विकण्याचा स्वतःचा धंदा मांडला होता. गिऱ्हाईके, रस्ते, भाव ह्यांची त्याला असलेली माहिती व्यापारी गुपित ठरत नाही, असा निकाल लागला. मात्र गुप्त उत्पादनप्रक्रियेसारखी खरी गुपिते नोकरी सुटल्यावरही राखलीच पाहिजेत, हेही न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे विधी आयोगाने २०२४ साली २८९ व्या अहवालात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला आहे.

मागणाऱ्यालाही मर्यादा असते. २००६ साली कोका-कोलाची गुपिते विकण्याचा देकार पेप्सीकडे पत्राने आला. पेप्सीने ही गोष्ट कोका-कोलालाच कळवली, आणि २००७ साली कोका-कोलातील एका कर्मचारी महिलेला आठ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

आज आपली मुले संगणकावर काम करतात. मुलाखतीत कामाचा नमुना मागितला की जुन्या कंपनीचा प्रोग्रॅम किंवा आराखडा दाखवण्याचा मोह होतो. त्यांना आम्ही एवढेच सुचवतो: जे प्रसिद्ध झाले आहे ते दाखवा, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनांवर एखादे लहान काम करून तेही न्या. अडचण कोणत्या जातीची होती व तुमचा वाटा काय होता ते सांगा; आकडे, गिऱ्हाइकांची नावे, नकाशे सांगू नका. नकार मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण गोड प्रश्नापुढे ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

आमचे म्हणाल, तर पुढे दुसरीकडे काम मिळाले. पगार थोडा कमी होता. तिथल्या प्रयोगशाळेची वही पहिल्याच दिवशी आमच्या हाती देण्यात आली.