ओला निळा, वाळला निळा

अल्कोहोल मार्करनं आकाश रंगवायला बसायचं तर आधी पंखा बंद करावा लागतो. एप्रिलच्या पुण्यात दुपारी तीन वाजता ही मागणी केली की घरातली माणसं ज्या नजरेनं बघतात, तिचंही एखादं चित्र काढायला हवं. पण इलाज नसतो. या शाईत पाण्याच्या जागी अल्कोहोल असतं. पाणी १०० अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ ला. साध्या हवेतही ते पाण्याच्या कितीतरी आधी उडून जातं. २०२० साली आपण सगळ्यांनी दिवसातून दहा वेळा तळहातावर सॅनिटायझर घेतला आणि तो गार लागता लागता नाहीसा झाला, त्यातलाच हा प्रकार. अल्कोहोल जातं, रंग कागदाच्या तंतूंत मागे राहतो. वर पंखा गरगरत असेल तर हे सगळं हात फिरायच्या आत उरकतं.

बाकीचे रंग हे चालवून घेतात. पिवळ्यावर पट्टे उठले तरी दिसत नाहीत, तपकिरीवरचे पट्टे लाकडाच्या रेषा म्हणून खपून जातात. निळ्याच्या वाट्याला मात्र बहुधा मोठ्या मोकळ्या जागा येतात, आणि तिथं काही लपत नाही. पहिला पट्टा ओढला, त्याची कड वाळली, मग शेजारी दुसरा ओढला की दोन्ही जिथं एकमेकांवर चढतात तिथं दुप्पट शाई बसते आणि गडद रेघ उठते. म्हणून कड ओली आहे तोवरच तिला पुढचा पट्टा भिडवायचा, छोट्या छोट्या गोलाईत हात फिरवत, मध्ये न थांबता. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

त्यातून हा निळा ओला असताना खरं बोलत नाही. कागदावर पडल्या पडल्या गडद दिसतो आणि वाळला की एक पायरी उजळतो. घाईनं ‘फार झाला’ म्हणावं तर थोड्या वेळानं तोच बरोबर वाटतो. ‘कमी पडला’ म्हणून लगेच दुसरा हात द्यावा, तर पहिला वाळायचाच असतो. दुसऱ्या हातानं तोच निळा घट्ट होतो, तिसऱ्यानं आणखी थोडा. त्यानंतर कागदाचं पोट भरतं, शाई रेषेबाहेर फुटू लागते आणि पाठीमागून खालच्या पानावर उतरते. रंगवलेल्या कागदाची पाठ जरूर पाहावी. पुढून एकसारख्या दिसणाऱ्या आकाशात हात कुठं अडखळला, टोक कुठं क्षणभर टेकून राहिलं, ते पाठीवर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटलेलं असतं.

ही शाई पारदर्शक आहे, हे एकदा मनात ठसलं की बरंच सोपं होतं. उजेड तिच्यातून आरपार जातो, कागदावर आपटतो आणि निळा होऊन परत येतो. पांढरा रंग असा काही नसतोच; ढग म्हणजे न रंगवलेला कागद. पोस्टर कलरच्या सवयीनं वरून पांढरा देऊन ढग काढू म्हणणाऱ्याला इथं आधी ढगाची जागा सोडावी लागते. बिनरंगी ब्लेंडर मिळतो खरा, पण त्याला खोडरबर समजू नये. वाळलेल्या निळ्यावर तो टेकवला की त्यातलं अल्कोहोल रंग पुन्हा विरघळवतं आणि बाजूला ढकलतं; मध्ये फिकट डाग आणि भोवती गडद, वेडीवाकडी किनार. ढगासाठी ही किनार चालते, भिंतीसाठी नाही.

एकावर एक पारदर्शक थर देऊन रंग घडवणं पुण्याला नवीन नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये काढलेल्या चित्रशाळेतून रंगीत शिळाछाप चित्रं घरोघरी गेली, ती अशीच एकेका रंगाचा वेगळा छाप चढवून तयार होत. पिवळ्यावर निळा बसला की हिरवा. शिळेवर काय आणि मार्करनं काय, हिशेब तोच. मार्करमध्ये एक खबरदारी जास्त: निळ्यावरून फिरलेलं पिवळं टोक निळं उचलतं. त्याला रद्दी कागदावर निवळेपर्यंत ओढायचं, म्हणजे ते पुन्हा मूळ रंगावर येतं.

टोपणांवरच्या नावांना फार भुलू नये. जपानच्या कॉपिक मार्करांत ‘बी ३९’ला प्रशियन ब्ल्यू म्हणतात, ‘बी २९’ला अल्ट्रामरीन. खरा प्रशियन ब्ल्यू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला. जुना अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा दगड कुटून निघायचा. दोन्ही कणांचे रंग, अल्कोहोलमध्ये न विरघळणारे. मार्करमध्ये असतो तो विरघळलेला रंग. वरचं नाव फक्त छटेची ओळख. हा विरघळलेला रंग उन्हात टिकत नाही, म्हणून असलं चित्र दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगू नये.

कॉपिक १९८७ सालचे. झेरॉक्सची काळी रेघ न विरघळवणारी शाई म्हणून ते निघाले आणि ‘कॉपी’वरूनच त्यांचं नाव पडलं. आर्किटेक्चरच्या मुलांना हे उपयोगाचं: एका आराखड्याच्या चार झेरॉक्स काढायच्या आणि चार तऱ्हेनं रंगवून बघायच्या. बॉलपेनच्या रेघेवर हाच निळा फिरवला तर रेघ पसरून सगळं मातेरं होतं.

पुण्यात निळा लावायचा कुठं, हाही प्रश्नच आहे. मुठा नदीला निळा देणारा माणूस बहुधा कालच गावात आलेला असतो. मे महिन्याचं आभाळ धुळीनं पांढुरकं. निळं म्हणण्याजोगं आभाळ पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. माझ्या मते पुण्याचा खरा निळा दगडात आहे. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्याचा, आठव्या शतकात कोरलेला कातळ पावसात भिजला की नुसत्या करड्या मार्करनं तो सिमेंटसारखा दिसतो. आधी अगदी फिकट निळ्याचा हात द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, मग वरून थंड करडा. नंदीमंडपाच्या गोल छताची वरची कड कोरी सोडली की दगड ओला दिसतो.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात गेलं की साठ रंगांचा डबा खुणावतो. त्यातले वीसेक रंग टोपणाबाहेर येतच नाहीत. सुरुवातीला सुटे तीन निळे पुरतात: एक जेमतेम दिसणारा, एक मधला, एक गडद, तिन्ही एकाच घराण्यातले, म्हणजे एकमेकांत मिसळताना मध्ये पायरी दिसत नाही. वाचलेले पैसे कागदावर घालावेत. साध्या वहीच्या कागदावर यातला कुठलाच निळा आपल्या जागी थांबत नाही.