अर्धा गुण

दोस्तांनो, बुद्धिबळाच्या स्पर्धेत सगळ्यात जास्त घाम कुणाला फुटतो, सांगा पाहू? हरणाऱ्याला? मुळीच नाही. जिंकणाऱ्यालाही नाही. घाम फुटतो तो स्पर्धा भरवणाऱ्याला! हे मी अनुभवानं सांगतो आहे.

1997 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. नववीची परीक्षा देऊन मी नुकताच मोकळा झालो होतो. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर आमचा बुद्धिबळाचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे काय, तर सात रेक्झिनचे पट, किल्लीची तीन घड्याळं आणि एक पत्र्याची ट्रंक. ग्रंथपाल काका क्लबचे सर्वेसर्वा. त्यांनी एक दिवस मला बोलावलं आणि म्हणाले, "यंदाची क्लबची स्पर्धा तू घ्यायचीस. मी फक्त खुर्चीत बसणार."

मला काय, आभाळ ठेंगणं झालं! पंच म्हणजे केवढा मान! घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी माळ्यावरचे आंबे उतरव."

पाच रुपये प्रवेश फी ठेवली आणि वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं जाहिरात लिहिली. मला वाटलं, दहा-बारा जण येतील. नावं आली तेवीस! त्यात सहावीतल्या पोरांपासून कॉलेजात जाणाऱ्या दादांपर्यंत सगळे. माझा धाकटा भाऊही होता, तो सहावीत. आणि सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यातली सहावीतलीच एक मुलगी. तिचे वडील तिला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आले होते. सगळ्या स्पर्धेत ती एकटीच मुलगी. कुणीतरी कुजबुजलं, "मुलींचा वेगळा गट करायला हवा होता." काकांनी ते ऐकलं. "रोहिणी खाडिलकर 1976 साली तेराव्या वर्षी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली," ते म्हणाले, "आणि ती पुरुषांच्या स्पर्धेतही खेळली. तुला भीती वाटत असेल तर तुझा वेगळा गट करू." पुन्हा कुणी बोललं नाही.

आता गणित बघा हं. तेवीस खेळाडू. साखळी पद्धतीनं प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर 253 डाव होतात. दिवाळी आली असती! बाद पद्धत घेतली तर बावीस डावांत काम फत्ते, पण निम्मी पोरं पहिल्या तासातच घरी. सहा किलोमीटर सायकल मारून येणाऱ्या मुलीनं एक डाव हरून परत जायचं? मग काकांनी स्विस पद्धत समजावली. 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून नाव स्विस. यात कुणीच बाद होत नाही. प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर बसवायचे. जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी. एकदा जोडी झाली की तीच जोडी पुन्हा नाही. पांढरी मोहरी आणि काळी मोहरी होता होईल तो आलटून पालटून. आणि खेळाडू विषम असतील तर दर फेरीत तळाच्या एकाला 'बाय', म्हणजे न खेळताच एक गुण. पण एकालाच दोनदा बाय द्यायचा नाही.

आता या जोड्या संगणक लावतो. नावं भरली की क्षणात यादी हातात. तेव्हा आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले पुठ्ठे होते! प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड. त्यावर फेरी, प्रतिस्पर्धी, रंग, गुण. ती कार्डं जमिनीवर मांडायची आणि पत्त्यांसारखी जुळवायची.

काकांनी एकच गोष्ट बजावली होती. "दर फेरीनंतर सगळ्या कार्डांची बेरीज मार. अकरा डावांचे अकरा गुण आणि बायचा एक, असे बारा. म्हणजे बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस, साठ. एवढं जमलं नाही, तर कुठेतरी घोळ आहे."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

शनिवारी सकाळी माडी गच्च भरली. आमचे सात पट आणि मुलांच्या घरून आलेले चार. एका संचात दोन प्यादी कमी, तिथे औषधाच्या बाटलीची बुचं लावली. त्या आठवड्यात न्यूयॉर्कला कास्पारॉव्ह आणि 'डीप ब्लू' हा संगणक यांचा सामना चालला होता. चार डावांनंतर दोघांचे दोन-दोन गुण. त्यामुळे पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "यंत्र काय जिंकतंय!" असं म्हणणारेच जास्त.

पहिल्या फेरीचा बाय मी माझ्या भावाला दिला. उगाच कुणी म्हणायला नको की पंचानं भावाला वर ठेवलं, म्हणून मीच त्याचं नाव यादीत सगळ्यात खाली टाकलं होतं. तळाला असल्यामुळे न खेळताच त्याला एक गुण मिळाला. झालं! "वा रे पंच!" अशा आरोळ्या सुरू. बाय म्हणजे काय, हे मी तीनदा समजावून सांगितलं. भाऊ मात्र खिडकीत बसून आरामात शेंगा खात होता.

घड्याळं तीनच, म्हणून ती पहिल्या तीन पटांवर ठेवली. बाकीच्या पटांवर पाऊण तास झाला तरी डाव संपला नाही, तर मोकळं झालेलं घड्याळ नेऊन ठेवायचं आणि दोघांना दहा-दहा मिनिटं द्यायची, असा नियम केला. तो मात्र छान चालला. भांडणं झाली ती हात लावण्यावरून. सोंगटीला हात लावला की तीच खेळायची. नुसती नीट ठेवायची असेल तर हात लावण्याआधी तसं बोलायचं. एका पठ्ठ्यानं वजीर उचलला, संकट दिसलं आणि म्हणाला, "मी फक्त नीट करत होतो." मी म्हटलं, "हवेत धरून?" सगळी माडी हसली. माझी कॉलर ताठ. तीन फेऱ्या पार पडल्या, बेरीज छत्तीस. संध्याकाळी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

रविवारी चौथी फेरी. ती मुलगी पहिला डाव हरून पुढचे दोन जिंकली होती. आता तिच्यासमोर कॉलेजातला एक दादा. बाकीचे पट एकेक करून उठले, यांचा डाव चालूच. मी जवळ जाऊन पाहिलं, तर दादाकडे वजीर आणि राजा, हिच्याकडे एकटा राजा. म्हटलं, यात काय उरलंय? पाचव्या फेरीच्या जोड्या लावायची घाई होती. टेबलाशी आलो आणि तिच्या कार्डावर शून्य लिहून टाकलं.

डाव संपायच्या आधी!

दोनच मिनिटांत दादा तणतणत आला. "लिही, बरोबरी." घाईत त्यानं वजीर असा काही ठेवला होता, की तिच्या राजाला शह नव्हता आणि हलायला एकही घर नव्हतं. स्टेलमेट! मी त्याच्या कार्डावर अर्धा गुण लिहिला, आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा बंद, पोरांचा गलका, सरबताचा पेला कुणाच्यातरी वहीवर सांडला. त्या गडबडीत तिच्या कार्डावरचं शून्य तसंच राहिलं. बेरीज? बेरीज मारलीच नाही. तीनदा बरोबर आली होती, आता चुकतेय कशाला!

पाचवी फेरी झाली. साडेचार गुणांचा पहिला, चार गुणांचा दुसरा आणि साडेतीन गुणांचा तिसरा. तिसरा माझा भाऊ! कार्डांप्रमाणे त्या मुलीचे तीनच. काकांच्या हस्ते बक्षिसं दिली. भावाला वीतभर उंचीचा कप मिळाला. तो तिथून घरापर्यंत धावतच गेला. ती मुलगी तेव्हा फळ्यावरच्या गुणांकडे बघत उभी होती. मी विचारलं, "काय गं, मजा आली?" ती "हो" म्हणाली आणि वडिलांकडे पाहून खाली मान घातली.

रात्री जेवणं झाल्यावर काकांना द्यायचा कागद तयार करायला बसलो. शेवटची बेरीज मारली. साडेएकोणसाठ. पुन्हा मारली. साडेएकोणसाठ. पोटात गोळा आला. एकेक कार्ड दुसऱ्याशी ताडून पाहिलं आणि चौथ्या फेरीपाशी थांबलो. दादाच्या कार्डावर अर्धा, तिच्या कार्डावर शून्य.

म्हणजे तिचे गुण साडेतीन. भावाइतकेच. गुण सारखे असले की ज्यांच्याशी आपण खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त, तो वर, कारण त्याचे प्रतिस्पर्धी जास्त चांगले. याला बुकोल्झ पद्धत म्हणतात. तिची बेरीज आली साडेतेरा. ती पहिल्या फेरीत हरली होती, ती स्पर्धा जिंकणाऱ्याशीच! भावाची आली दहा. बायमध्ये प्रतिस्पर्धीच नाही, तर गुण कुठून येणार?

कप टीव्हीवर ठेवलेला होता. शेजारी भाऊ झोपला होता. खरं सांगू? कागद फाडून टाकावा, असं मनात आलं. ती मुलगी काही बोलली नव्हती. कुणालाच काही कळणार नव्हतं.

सकाळी काकांकडे गेलो. सगळं सांगितलं, डाव संपायच्या आधी शून्य लिहिलं तेही. काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "तो दादा हरत असता, तर आधीच शून्य लिहिलं असतंस?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येत नाही.

"झालेली फेरी परत होत नाही," काका म्हणाले, "पण गुण दुरुस्त करता येतात. कप तिचा. आता घरी काय सांगायचं, ते तू बघ."

घरी काय झालं ते थोडक्यात सांगतो. भाऊ रडला, कप पलंगाखाली लपवला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. "मी थोडंच चोरलंय?" हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चूक माझी आणि कप त्याचा जाणार! आई म्हणाली, "त्याला घेऊन जा. तू एकटा गेलास तर त्याच्याकडून काढून नेल्यासारखं होईल."

मंगळवारी सायकल काढली. मागे कॅरियरवर भाऊ, त्याच्या मांडीवर पिशवीत कप. स्टँडवरच्या पेपरच्या गाडीवर ठळक बातमी होती: डीप ब्लूनं कास्पारॉव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं. शेवटचा डाव जेमतेम एकोणीस चालींत आटोपला होता. एरवी आम्ही तिथेच उभं राहून सगळं वाचून काढलं असतं. त्या दिवशी भाऊ म्हणाला, "चल तू."

ती अंगणात शेळीला पाला घालत होती. वडील बाहेर आले आणि मला, नववीतल्या पोराला, म्हणाले, "या सायेब." मी घडाघडा सगळं सांगून टाकलं. ते ऐकून ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. तिनं पाचही डावांचे गुण मांडले होते. चौथ्या फेरीपुढे व्यवस्थित अर्धा. खाली बेरीज, साडेतीन.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "म्याच म्हनलो, गप ऱ्हा. पंचाच्या म्होरं बोलू न्हाई. तुमी लिव्हलं म्हंजी बरोबरच आसंल."

असं वाटलं, की ओरडले असते तर बरं झालं असतं.

भावानं पिशवीतून कप काढला आणि तिच्या हातात दिला. तोंड वाकडंच होतं, पण दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, ओसरीच्या कोनाड्यात ठेवला आणि मला विचारलं, "दादा, माझं गुण बरोबर लिव्हलं आसतं, तर पाचव्या फेरीत माझा डाव कुनासंगं लागला आसता?"

अर्धा गुण गेल्यामुळे ती दोन गुणांच्या गटात जाऊन बसली होती. खरे तिचे अडीच. अडीचच्या गटात दादा होता, त्याच्याशी ती खेळून झाली होती. मग उरलं कोण? मी बोटं मोडत हिशेब केला आणि भावाकडे बघितलं.

"याच्याशी," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "पट आहे का?" ती केव्हाच आत पळाली होती. पुठ्ठ्यावर काळ्या शाईनं घरं रंगवलेला पट होता. एका हत्तीच्या जागी दोऱ्याचं रीळ. वडिलांनी आम्हाला चहा दिला आणि खांबाला टेकून बसले. त्या दिवशी मी पटापासून चार हात लांब बसलो आणि डाव संपेपर्यंत खिशातलं पेन काढलं नाही.

2025 साली नागपूरची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकली, त्या दिवशी भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तो रिळाचा हत्ती आठवतो का रे तुला?"

डाव पावणेदोन तास चालला. निकाल काय लागला, ते तुम्हाला सांगू का, असं मी त्याला परवा विचारलं, तर तो म्हणाला, "काही गरज नाही." पण निकालाची चिठ्ठी माझ्याकडे आहे. वहीचं फाडलेलं पान, आणि त्यावर दोघांच्याही सह्या.